नकाशात डावीकडे, जमिनीत उजवीकडे

नगरसेवकाला सगळा वॉर्ड नळभाऊ म्हणायचा. निवडून यायच्या आधी तो प्लंबर होता आणि ते त्याने कधी लपवलं नाही. उलट त्याच पान्ह्याच्या जोरावर चार निवडणुका मारल्या. पाचवी तोंडावर आली होती. मुलगी जेवणाच्या टेबलावर त्याचं परिचयपत्रक लिहीत होती, आणि तो समोर बसून घाम पुसत होता.

“ऐका हं बाबा. ‘वयाच्या चौदाव्या वर्षी वडील गेले. शाळा सुटली, हातात पान्हा आला. लोकांच्या मोऱ्या साफ करता करता...’”

“मोऱ्या काढ.”

“वा! मोऱ्यांवरच तर मतं पडतात तुम्हाला. पुढे ऐका. ‘मागची गल्ली टँकरमागे धावत होती. कंत्राटदार फिरकेना, तेव्हा भाऊंनी स्वतः पाइप खांद्यावर घेतले आणि अकरा दिवसांत घरोघरी पाणी आणलं.’ अकराच ना?”

“हो,” तो म्हणाला.

अकरा दिवस. त्यातले नऊ दिवस त्याने गल्लीच्या डाव्या बाजूला खडक फोडला होता, आणि खड्डा झाला होता वीतभर. उद्घाटनाची तारीख ठरलेली, खुर्च्या सांगून झालेल्या. उजव्या बाजूला मैल्याच्या लाइनीचा चर आयता उघडा पडला होता; गटारवाले सुट्टीवर. नळभाऊने पिण्याचा पाइप त्याच चरात, मैल्याच्या पाइपाला खेटून सोडला आणि माती लोटली. पिण्याचं वर आणि लांब, मैला खाली, हा उस्तादाने शिकवलेला पहिला धडा. नकाशात मात्र त्याने रेघ डावीकडेच मारली. नंतर पाइप हलवू, होऊन जाईल, असं स्वतःला सांगितलं. त्या ‘नंतर’ला सतरा वर्षं झाली.

आणि आता गल्लीत कावीळ होती.

आठ दिवसांपूर्वी दवाखान्याच्या नर्सने पहिल्या पाच जणांचे पत्ते फोनवर सांगितले होते. पाचही घरं ओळीने, पाइपाच्या शेवटच्या टोकाची. रोग कुठून आला ते त्याला डॉक्टरच्या आधी कळलं. मग या लोकसेवकाने काय केलं? स्वतःच्या घरी पाण्याचे जार सुरू केले. बायकोला म्हणाला, नळाच्या पाण्याने घसा धरतोय. आणि गल्लीत सभा घेऊन ठणकावून सांगितलं, “बाहेरचं खाणंपिणं बंद करा!” कोपऱ्यावरच्या सरबतवाल्याची गाडी उचलायला लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजारी पाचाचे एकोणीस झाले.

मुलीला ‘आलोच’ म्हणून तो गल्लीत आला. पाणीखात्याची इंजिनिअर बाई चार दिवस डावी बाजू खणत होती.

“साहेब, ही लाइन तुम्हीच टाकलीत ना?” तिने नकाशा त्याच्यापुढे धरला. “कागदावर आहे, जमिनीत नाही. पाय फुटले की काय हिला?”

मजूर फिदीफिदी हसले. नळभाऊही हसला.

“टाकीतलं पाणी स्वच्छ आलंय,” ती म्हणाली. “नळाचा अहवाल परवा येईल. मला वाटतं, घाण मध्येच कुठेतरी शिरतेय.”

“आणखी खोल जा. सापडेल,” तो म्हणाला. म्हणजे आणखी दोन दिवस. एवढ्या वेळात आणखी किती जणांचे डोळे पिवळे होतील, हा हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप झाला.

तेवढ्यात समोरच्या घरातून शिलाईवाली मावशी पाण्याचा पेला घेऊन आली. या गल्लीतलं पहिलं मत तिचं असायचं.

“अरे, तोंड किती उतरलंय तुझं! घे, पाणी पी.”

त्याने पेला घेतला. “सूनबाई कशी आहे?”

“कशी असणार? सातवा महिना, त्यात डोळे पिवळेजर्द. दवाखान्याची गाडी बोलावलीय. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी पाजा. सकाळपासून पेल्यावर पेले पाजतेय.” ती थांबली. “पी की! तुझ्याच नळाचं आहे.”

पेल्यातलं पाणी अगदी नितळ होतं. मजूर बघत होते. इंजिनिअर बघत होती. ओठ लावल्यासारखं करावं आणि ओतून द्यावं, एवढं सोपं होतं. त्याने पेला तोंडापर्यंत नेला. पेल्याच्या कडेवरून त्याला दिसलं, उंबऱ्यात भिंतीला टेकून सून बसली होती. तिच्याही हातात पेला होता आणि ती तो तोंडाला लावत होती.

“पिऊ नकोस!”

तो एवढ्या जोरात ओरडला की पोरीच्या हातून पेला सुटला. मजुरांच्या कुदळी थांबल्या.

“आधी कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह बंद करा,” तो म्हणाला. मग उजव्या बाजूला गेला, गटाराच्या तिसऱ्या झाकणापासून चार पावलं मोजली आणि टाच आपटली. “इथे खणा.”

“तिथे मैल्याची लाइन आहे, साहेब,” इंजिनिअर म्हणाली.

“हो.”

तिने नकाशाची घडी घातली. मजुरांच्या आधी त्यानेच कुदळ उचलली. कमरेएवढं खणल्यावर पाइप लागला. सांधा काळ्या घाणीत बुडाला होता. वास वर आला तशा बाया पदर नाकाला लावून मागे सरल्या. मावशी मात्र जागची हलली नाही.

“कधीपासून माहीत होतं तुला?”

‘आत्ताच आठवलं’ म्हणाला असता तर गल्लीने डोळे झाकून विश्वास ठेवला असता. परिचयपत्रकात आणखी एक ओळ वाढली असती. त्याने मावशीकडे बघितलं आणि कुदळ खाली ठेवली.

“आठ दिवस.”

मावशी ओरडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. आत गेली, भरलेली कळशी आणली आणि खड्ड्याच्या कडेला उपडी केली. पाणी त्याच्या बुटांवरून वाहत गेलं. मग दुसरी आणली. शेजारणीही आपापली भांडी घेऊन बाहेर पडल्या.

दवाखान्याची गाडी आली. मावशी सुनेला धरून पायऱ्या उतरली. ती पोर खड्ड्यापाशी थांबली. ती वर होती, तो खाली चिखलात.

“भाऊ, माझ्या बाळाला काही होणार नाही ना?”

गटार तुंबो, दिवे जावोत, सतरा वर्षं या गल्लीने काहीही विचारलं की तो छातीवर हात ठेवून सांगायचा, ‘होऊन जाईल.’ आताही सवयीने हात छातीवर गेला. तो हात काळ्या घाणीने माखला होता; त्याने तो खाली घेतला.

ती वाट बघत उभी राहिली. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला.