तिरपा पाइप

थोरल्याने छिन्नीवर हातोडा असा घातला की प्लास्टरचा पोपडा थेट धाकट्याच्या पायावर पडला. माफी मागायची त्याची रीत नव्हती.

दोघेही वायरमन. बहिणीच्या या घराचं वायरिंग दोघांनी मिळून केलेलं. आठ दिवसांपूर्वी मेहुण्याने आरसा टांगायला खिळा ठोकला, तो नेमका भिंतीतल्या वायरीत. हात भाजला, जीव तेवढा वाचला. तेव्हापासून थोरल्याने एकच धोशा लावला होता; आज ती वायर बदलायला भिंत फोडतानाही तोच.

“माझ्या हाताखाली शिकला आणि वायर तिरपी नेली! बोर्डापासून सरळ वर, मग आडवी. म्हणजे खिळा कुठे ठोकायचा नाही ते कुणालाही कळतं. एवढंही शिरलं नाही याच्या डोक्यात.”

“ही भिंत मी केली नाही, दादा.”

“मग भुतानं केली?”

बहीण स्टुलाला टेकून उभी होती. मेन स्विच तिनेच बंद केला होता. सकाळपासून चकार शब्द बोलली नव्हती.

“आज याला सांगूनच टाक,” थोरला तिला म्हणाला. “या घराची पायरी परत चढायची नाही म्हणून. उद्या पोरांना काही झालं तर?”

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. सख्खी बहीण, पण नजर भिंतीवर.

आणखी दोन घाव बसले आणि पाइप दिसला. वायर वाचवायला बोर्डापासून पंख्याकडे तिरपा काढलेला. जोडावर पिवळी टेप गुंडाळली होती. धाकटा कायम काळी वापरायचा. पिवळीचा हट्ट थोरल्याचा, त्यावरून तो दुनियेला शहाणपण शिकवायचा.

थोरला क्षणभर थांबला. मग घाईघाईने थापीवर सिमेंट घेतलं.

“बघितलंस? याचंच काम. बुजवून टाकतो.”

बहिणीने स्टूल उचलून त्याच्यापुढे आदळलं.

“दादा, या भिंतीचं काम करायला तू यावर चढलास तेव्हा हे डुगडुगत होतं. दोन्ही हातांनी मीच धरून उभी होते. हा तापाने पडला होता त्या दिवशी.”

थोरल्याने थापी खाली ठेवली.

“आठ दिवस वाट बघितली, तू कबूल करशील म्हणून. पायरीचं काय म्हणत होतास मघाशी?”

धाकट्याने पिशवीतून दोरी काढली, खडूत घोळली आणि खालचं टोक बोर्डावर दाबून धरलं. सरळ रेघ मारायला दुसरा माणूस लागतो.

“वरचं टोक धर,” तो म्हणाला. दादा म्हणाला नाही.