खुर्शीदबीचे सहा पोते

सांगाले लाज वाटते, पण सांगतो.

कॅनॉलच्या काठावर आमचं हाटेल आहे. मी रांधतो, माहा नवरा शेखर वाढते, अन् मागं पाव्हण्यांसाठी दोन खोल्या. पाटीवर म्याच लिहून घेतलं होतं, 'पाण्यात पाय सोडून भरीत-भाकर खा.' आता एवढासा कॅनॉल, त्यात रोज पाणी काय माह्या बापानं ठेवलं आहे? ते पाळीनं येते अन् वाहत खालच्या वावरात जाते.

ते खालचं वावर खुर्शीदबीचं. भरताचे वांगे आमच्याकडं तिचेच येतात. पोत्यात भरून पाठवते, रिकामे पोते परत नेते.

त्या शनिवारी जंगल पाहाले सेमाडोहले निघालेलं पुण्याचं एक कुटुंब मुक्कामाले आलं. पाणी घोट्याएवढंच. म्या शेखरले म्हटलं, "पोत्यात माती भर, अन् टाक पाटात आडवे."

"आशा, आज खुर्शीदबीची पाळी आहे. तिच्या गव्हाचं शेवटचं पाणी आहे हे."

"एका दिवसानं गहू मरते काय? भर म्हटलं तं भर!"

भरले बिचाऱ्यानं. माह्यासमोर त्याचं काही चालत नाही, हेही खरंच.

दुपारपर्यंत पाणी मांडीएवढं तुंबलं. पाव्हण्यांचे लेकरं पाय सोडून खिदळून राहिले, त्यांची माय फोटो काढून राहिली. मी चुलीपाशी खुश. अन् बांधावरून खुर्शीदबी आली.

"आशा, माहे सहा पोते दे वो. उद्या वांगे तोडाचे आहेत."

हातातली भाकर हातातच राहिली. पाटात तिचेच तं पोते होते! घाईत दुसरे सापडलेच नव्हते.

"उंदरानं कुरतडले वो चाची," म्या ठोकून दिलं. "फेकले म्या."

ती पाटाकडं पाहत राहिली. तिच्या पोत्यांच्या काठाले हिरवी सुतळी ओवलेली असते. ती सुतळी पाण्यात चांगली दिसून राहिली होती.

तेवढ्यात पुण्याच्या बाईनं तिलेच विचारलं, "मावशी, इथं नेहमीच एवढं पाणी असतं का हो? किती छान!"

आता ही सांगते, म्हणून म्या डोळे मिटले.

खुर्शीदबीनं डोक्यावरचा पदर सावरला. "हो बेटा," ती म्हणाली, "इथं असतेच."

मी तिथंच मेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तं म्याही दोन दिल्या असत्या, मले येतात. पण तिनं माही लाज राखली, माह्याच पाव्हण्यांसमोर! मले चुलीपाशी उभं राहवेना. नेसत्या साडीनं पाण्यात उतरली.

"अहो, काय झालं?" ती बाई घाबरली.

"हे पाणी या चाचीचं आहे! म्या अडवलं होतं!" म्या सगळ्यांदेखत सांगितलं.

शेखरही धावला. एकेक पोतं आम्ही वर ओढलं. पाणी धाडदिशी खाली सुटलं अन् लेकरं हिरमुसले. तिची पाळी दिवस बुडेपर्यंत, अन् त्याले दोनच घंटे उरले होते. तेवढ्यात तिचं अर्धं वावर भिजलं तं भिजलं. पुढची पाळी पंधरा दिवसांनी, अन् गहू तोवर थांबत नाही.

माती झटकून म्या सहाही पोते तिच्यासमोर ठेवले. मान वर होईना.

"चाची, माफ..."

"नीट पिळून दे," ती म्हणाली. "उद्या तुह्या हाटेलाचे वांगे यातच भराचे आहेत."