चाळलेली माती

"माती जशी असेल तशी आणायची. ओली, मुळांसकट. पाहुण्यांसमोर बसवायची असल्यासारखी नटवायची नाही." आमच्या प्रयोगशाळेतले जुने साहेब निवृत्त झाले, तरी नमुन्याची पिशवी हातात घेतली की त्यांचा आवाज कानाशी येतो.

त्या सकाळी तो आवाज जरा उशिरा आला.

पिशवी माझ्या मोठ्या नणंदेची. वन्सं टोमॅटोची रोपं वाढवून विकतात. काही रोपं मलूल दिसली, म्हणून त्यांनी माती पाठवली होती. मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी त्यात असले, तर रोपांबरोबर ते बागोबाग पोचणार. कुठे कोणती जात सापडली, त्याच्या टाचण्या आमच्या भिंतीवरच्या नकाशात आहेत. वन्संचा भाग अजून कोरा होता.

माती फडक्यात बांधून पाण्यावर ठेवली, की जिवंत सूत्रकृमी खाली उतरतात. भिंगाखाली ते सगळे जुळ्या भावंडांसारखे. जात कोणती हे डीएनए सांगतो. पण सकाळी पाण्यात एकही नव्हता. मी मनात देवाचे आभार मानले आणि उरलेली माती चिमटीत घेतली. पिठासारखी कोरडी. मी फोन लावला.

"वन्सं, माती चाळली होती का?"

"मग? मुळंबिळं काढली, गच्चीवर चांगली कडकडीत वाळवली. तुझ्या हापिसात चिखल पाठवून शोभा करून घेऊ?"

"उन्हात मेले असतील हो सगळे."

"मेले ना? मग सुंठीवाचून खोकला गेला."

"पिशवीतले मेले. वाफ्यातले असले तर ठणठणीत असतील."

वन्संचा आवाज उतरला. "दुपारी टेम्पो यायचाय गं. लोकांना शब्द दिलाय मी."

"त्याआधी मी येते. रोपं उपटून मुळं बघू. गाठी असल्या तर डोळ्यांनाच दिसतील, जात मागाहून कळेल. तोवर एकही रोप हलवू नका."

"आणि गाठी निघाल्या तर? लोकांना काय तोंड दाखवू?"

"लोकांना मी सांगेन. तुम्ही आत बसा."

"तू? तुझा आवाज शेजारच्या खुर्चीला ऐकू जात नाही, वहिनी."

"आज जाईल."

खुरपी धुऊन पुसली, कोऱ्या पिशव्या घेतल्या. दुपारचा जप वाटेत करायचं ठरवलं आणि जिना उतरले.