दुसरी ओळ

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. उसाच्या मळ्यातला एक मोठा बंगला डोळ्यांपुढे आणा. पुढची बाजू नको, मागची. जिथे कोंबड्या साफ करतात आणि खरकटे पाणी ओततात ती. तिथल्या दगडी पायरीवर एक माणूस बसला आहे. भर दुपारी त्याच्या अंगात काळा कोट आहे. मांडीवर चिनी मातीची बशी, बशीत काल रात्रीचे डुकराचे मांस, आणि मांसावर गोठलेल्या चरबीचा पांढरा थर. थराच्या कडेला एक माशी अडकली आहे आणि तिचे पाय अजून हलताहेत. दिसली? आता असे समजा की बशी तुमच्याच मांडीवर आहे, आणि ज्याने ती दिली तो दारात उभा राहून तुम्ही खाता की नाही हे पाहतो आहे.

पायरीवरच्या त्या माणसाचे नाव देवराज. मळ्यावरची माणसे त्याला पंतोजी म्हणत. साल अठराशे अठ्ठावन्न, आणि मळा समुद्रापारच्या एका बेटावर, सूयाक गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराकडे चढत गेलेला. दारात उभा होता तो मळ्याचा मॅनेजर, मोस्ये व्हालमों. तो दात कोरत होता आणि कोरून निघालेले पायरीच्या बाजूला थुंकत होता.

"मांझे, पंतोजी, मांझे," तो म्हणाला. "खा. तुझ्यासाठी मुद्दाम ठेवायला सांगितलं होतं."

देवराजने माशी नखाने बाजूला केली आणि एक तुकडा न चावताच गिळला. चरबी टाळूला चिकटून बसली. त्याला शिसारी आली, पण त्याने दुसरा तुकडा उचलला. त्या दारातून हाकलून दिले तर मळ्यात पाऊल टाकायची सोय उरणार नव्हती, आणि चिंचेच्या झाडाखालची शाळाही जाणार होती.

"परवाचं तुला ठाऊकच आहे," मॅनेजर म्हणाला.

परवाचे सगळ्यांनाच ठाऊक होते. आपल्या मुलखातून करारावर नेलेला तुलसीराम नावाचा मजूर रसाच्या उकळत्या काहिलीवरची मळी काढताना तोल जाऊन काहिलीत पडला होता. त्याला बाहेर काढले तेव्हा तो संपलाच होता. उद्या सूयाकहून मॅजिस्ट्रेट चौकशीला येणार होता.

मॅनेजर पुढे म्हणाला, "तो प्यायलेला होता. त्याच्या सदऱ्याला रमचा वास येत होता. दहा जणांनी घेतला तो वास. पण तुमची माणसं इथं गप्प बसतात आणि मॅजिस्ट्रेट दिसला की एकदम गळा काढतात. तेव्हा आज शेडमधल्या उपदेशातच सांगून टाक. दारुड्याचं काय होतं ते तुझ्या पुस्तकात असेलच."

"मी मुलांना स्तोत्रं शिकवतो, मोस्ये. ती गाणी आहेत."

"मग गाण्यात सांग. आमचा पाद्री मला दर आठवड्याला झाडतो, त्या दुसऱ्या पंथाच्या पंतोजीला मळ्यात का येऊ देतोस म्हणून. मी ऐकून घेतो. चिंचेखालच्या तेवढ्या जागेत ऊसही चांगला येईल, नाही का?"

देवराजने मान खाली घातली. मॅनेजरला वाटले, तो हो म्हणाला. आणि तसे पाहिले तर तो हो म्हणालाच होता.

तुम्ही विचाराल, हा कसल्या गाण्यांचा पंतोजी? ती इब्री लोकांची फार जुनी स्तोत्रे होती. देवराज अलिबागेकडचा. त्याच्या घराशेजारी शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांची घरे होती. ते लोक यहुदी, पण बोलायचे आपल्यासारखीच मराठी. मिशनच्या शाळेत एक म्हातारा गोरा साहेब त्यांच्या मुलांना त्यांच्याच पूर्वजांची इब्री अक्षरे शिकवी, आणि देवराज त्यांच्याच बाकावर बसून उजवीकडून डावीकडे वाचायला शिकला. ती स्तोत्रे त्याला इतकी आवडली की पुढे तो ख्रिस्ती झाला, मुलूख सुटला, समुद्र ओलांडला, तरी ती त्याने सोडली नाहीत. त्यांत यमक नसते. एक ओळ काहीतरी म्हणते आणि दुसरी तेच निराळ्या शब्दांत म्हणते, नाहीतर पहिलीला उलटवून टाकते. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोन बायांसारखे. एकीने ओढले की दुसरीने ओढायचे.

मळ्यावरच्या मुलांना तो हेच शिकवी. पहिली ओळ तो म्हणे, दुसरी मुलांनी रचायची. चुकले तरी तो रागवायचा नाही. "पुन्हा बघ, घाई नाही," एवढेच म्हणे. सगळ्यांत चांगली दुसरी ओळ रची ती नऊ वर्षांची हिरा. तुलसीरामची मुलगी.

त्याचे सर्वांत आवडते स्तोत्र वेगळेच होते. परक्या मुलखात धरून नेलेली माणसे नदीकाठी बसली आहेत, धरून नेणारे त्यांना म्हणतात, आमच्या करमणुकीसाठी एखादे गाणे म्हणा, आणि ती माणसे म्हणत नाहीत. हे स्तोत्र शिकवताना देवराजचा आवाज दरवेळी भरून येई. त्या दिवशी बंगल्यावरून खाली उतरताना त्याला ते आठवले, आणि त्याला स्वतःचा असा वीट आला की कोटाच्या बाहीने तो ओठ पुसतच राहिला. ओठांवरचा तेलकटपणा जाईना.

वाटेत सीताराम भेटला. तो मजुरांच्या टोळीवरचा सरदार. हातात वेताची छडी आणि पायांत मॅनेजरचे जुने बूट.

"काय पंतोजी, जेवन झालं? पुढच्या दारानं की मागच्या?"

देवराज त्याला वळसा घालून पुढे निघाला.

"रागावू नगा. आमी बी मागच्याच दाराचे. पर आज नीट बोला बरं का. उगी नदी-बिदी काढू नगा." तो हसला. त्याच्या तोंडाला लवंगेचा वास होता आणि लवंगेखाली दडवलेला दुसराही.

देवराजला मागचा रविवार आठवला. शाळेशी हिराला न्यायला आलेला तुलसीराम चिंचेच्या बुंध्याला टेकून हुडहुडत होता. देवराजने त्याच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला. "आज पडून रहा," तो म्हणाला होता. "पडायला कोन देतंय, पंतोजी?" तुलसीराम म्हणाला होता. त्याच्या तोंडाला कसलाही वास नव्हता. हे देवराजला पक्के ठाऊक होते. ठाऊक असूनही तो शेडकडे चालला होता.

चिपाडे साठवायच्या शेडमध्ये माणसे जमली होती. एरवी वीस-पंचवीस असत. आज सरदाराने सगळ्यांनाच हाकून आणले होते. आंबलेल्या रसाचा वास कोंदला होता, आणि पुढे, आजवर कधी नव्हती अशी एक वेताची खुर्ची मांडली होती. तिच्यात मॅनेजर बसला होता. एका खांबाशी तुलसीरामची बायको अनुसया होती, गुडघ्यांत डोके घालून. तिच्या पुढ्यात हिरा. डोळे कोरडे, केस विंचरलेले.

देवराजने स्तोत्र काढले. दोन वाटांचे स्तोत्र. एक सज्जनाची, एक दुर्जनाची. तो एकेक ओळ म्हणू लागला आणि मुले सवयीने दुसरी म्हणू लागली. मॅनेजरला मराठी कळत नव्हते, पण ताल कळत होता. त्याने बोटांनी खुर्चीवर ठेका धरला.

मग त्याने ती ओळ म्हटली. स्तोत्रात दारूचा द सुद्धा नव्हता. ओळ त्याने उतरणीवर चालता चालता स्वतः रचली होती, आणि रचली होती चांगली. तीस वर्षे घोटलेला हात होता तो.

"ज्याने पेला उचलला, तो आपल्याच पायांनी काहिलीकडे गेला."

मुले गप्प झाली. काहिलीचे नाव ऐकताच मोठी माणसेही ताठ झाली. अनुसयाने डोके वर केले, पण ती देवराजकडे पाहीना; जमिनीकडेच पाहत राहिली. सीताराम मागून खेकसला, "म्हना की रे पोरांनो! दुसरी ओळ म्हना!"

हिरा उठून उभी राहिली. शाळेत उभी राहते तशीच. हात मागे, हनुवटी वर.

"माज्या बानं जित्तेपणी थेंब न्हाई घेतला," ती म्हणाली, "मेल्यावर सीताराम सरदारानं अंगावर बाटली वतली."

मागून सीताराम माणसे बाजूला सारत पुढे येऊ लागला.

"मी बघितलं," ती पुढे म्हणाली. "मी पेज घिऊन कारखान्याच्या दाराशी हुते. बाला ताप हुता. यानंच उठवून नेलं."

"गप बस, कार्टे!" सीताराम ओरडला.

"की ली दिर?" मॅनेजरने विचारले. पोरगी काय म्हणाली ते त्याला हवे होते.

"आमेन म्हणाली, मोस्ये," सीताराम बेटावरच्या क्रिओल बोलीत म्हणाला. "देव बापाला क्षमा करो म्हणाली."

मॅनेजर समाधानाने मान डोलावू लागला. सगळे तिथेच मिटले असते. शाळा राहिली असती, चिंच राहिली असती. देवराजने मागे वळून पाहिले. हिरा अजून उभी होती. दुसरी ओळ बरोबर आली की तो "शाब्बास" म्हणत असे, आणि ती त्यासाठीच थांबली होती. या वेळी मात्र ती त्याच्याकडे असे पाहत होती की जणू उत्तर तिने नाही, त्याने द्यायचे होते.

"नाही, मोस्ये," देवराज म्हणाला. "ती असं नाही म्हणाली."

आणि मुलांकडून म्हणवून घेई तशा सावकाश, एकेक शब्द सुटा करत, त्याने दोन्ही ओळी क्रिओलमध्ये सांगितल्या. मग म्हणाला, "आधीची ओळ माझी होती. पुस्तकात ती नाही. त्याला ताप होता, हे मलाही माहीत आहे. मी हात लावून पाहिलं होतं."

मॅनेजर ओरडला नाही. त्याने मिशा पुसल्या आणि तो खऱ्याखुऱ्या दुःखाने म्हणाला, "दुपारी तुला मी जेवायला घातलं."

एखाद्या शिवीनेही देवराजला इतकी किळस आली नसती.

सीतारामने त्याला कोटाच्या कॉलरला धरून मळ्याच्या हद्दीपर्यंत आणले. वाटेत तो एकदाच बोलला, आणि तेही हळू आवाजात. "मला बी पोरं हायत, पंतोजी. तुमचं बरं हाय, तुमी चाललात." हद्दीच्या दगडाशी त्याने कॉलर सोडली, छडीने आपल्याच बुटावर दोन फटके मारले आणि तो परत फिरला.

तो दिसेनासा झाल्यावर उसातून अनुसया आली. हिरा तिच्या हाताशी होती.

"पंतोजी," अनुसया म्हणाली, "उद्या त्यो साहेब ईल, बंगल्याच्या पुढल्या पडवीत जेवंल आन् जाईल. आमच्यापत्तूर पोचायचा न्हाई. आजच सूयाकला त्येच्याकडं जावा. मला हा धोंडा वलांडता येत न्हाई. बिगर परवान्याच्या तिकिटाचं बाहीर पडलं की पोलीस भटकी म्हनून कोठडीत घालत्यात. पोरांना तिकीट लागत न्हाई. हिनं बघितलंय, हिला न्या."

"अनुसयाबाई, मी आत जे बोललो—"

"त्ये मी ऐकलं," ती म्हणाली. "दोनी येळचं ऐकलं." तिने मुलीच्या केसांवरून एकदा हात फिरवला आणि ती माघारी वळली. तिने त्याला क्षमा केली नाही. तिच्याकडे तेवढा वेळही नव्हता.

दोघे सूयाकच्या वाटेला लागली. दोन्ही बाजूंना ऊस, वर ऊन, आणि वाऱ्यावर कारखान्याचा गोड, जळका वास. थोडे अंतर गेल्यावर देवराज थांबला. त्याने गुडघ्यांवर हात टेकले आणि उसाच्या कडेला सगळे ओकून टाकले: मांस, चरबी, मोस्येची मेहरबानी. पोटात काही उरले नाही तरी उमासे येतच राहिले. डोळ्यांतून पाणी आले. कोटाला शिंतोडे लागले.

हिरा बाजूला उभी राहून पाहत होती. तिने पाठीवर हात ठेवला नाही, तोंडही फिरवले नाही. त्याचे उमासे थांबल्यावर ती ओहोळाकडे गेली आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत पाणी घेऊन आली. निम्मे वाटेत सांडले होते. देवराज पिण्यासाठी वाकला तशी तिने हात मागे घेतले.

"प्यायला न्हाई. आधी त्वांड धुवा. साहेबाम्होरं ह्या तोंडानं न्हाई बोलायचं."

त्याने तोंड पुढे केले. तिने पाणी ओतले, पुरले नाही. ती पुन्हा ओहोळाकडे गेली, पुन्हा आली, आणि या खेपेला त्याच्या हनुवटीवरचा ओघळ तिने स्वतःच्या अंगठ्याने पुसून काढला. मग हात परकराला कोरडे केले आणि तो येतो की नाही हे न पाहता ती पुढे चालू लागली.