उजवी करंगळी

लादिदीच्या जिभेला हाड नव्हतं. देलू दुपारी घरात पाऊल टाकते न टाकते तोच ती म्हणाली, "आल्या सरकारच्या लाडक्या. वन्सं, तो थेंबांचा डबा बाहेर ठेवा. तुमच्यातल्या दोघी सकाळीच येऊन गेल्या. हे बघा साबोचं नख."

नवरा मेल्यापासून देलू कात्सिना शहरात भावाकडे, म्हणजे वहिनीच्या हातच्या तुवोच्या उकडीवर जगत होती. पोलिओच्या फेरीत दारोदार थेंब पाजायचं काम तिला मिळालं, त्यानंही वहिनीच्या पोटात दुखायचं. आज ह्या गल्लीत दुसरी जोडी फिरली, म्हणून देलूला हायसं वाटलं होतं. घरच्यांच्या तोंडी कोण लागणार?

तिनं भाच्याचा, साबोचा हात धरला. करंगळीचं नख जांभळं होतं खरं, पण उजव्या हाताचं. थेंब पाजले की शाई डाव्या करंगळीला लावतात. सकाळच्या दोघींनी दारातूनच नख पाहिलं आणि पुढं सटकल्या, उन्हात कोण तपासतंय! लादिदीनं बाजारातून शाईचं पेन आणलं होतं आणि बिस्मिल्ला म्हणून सवयीनं उजव्या हाताचं नख रंगवलं होतं. डाव्यानं कुठल्या चांगल्या कामाला सुरुवात करतात?

"वहिनी, हे तुम्हीच रंगवलंय."

"रंगवलं. मग? माझी बिल्की तापानं फणफणली तेव्हा दवाखान्यात साधी गोळी नव्हती. मी तुमच्या पाया पडले, तर म्हणालात, ताप माझ्या कामात येत नाही. तिला पुरून आलो आणि तेच सरकार फुकटचे थेंब घेऊन दारात. फुकट कोण काय देतं हो?"

बिल्कीचं खरं होतं. देलूला वहिनीचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

"विहिरीजवळचा हाबू हातांवर फरफटत मशिदीत जातो, ते दिसत नाही तुम्हाला?"

"दिसतं. अल्लाची मर्जी. पण ऐकून ठेवा, पोराला थेंब पाजलेत तर ह्या घरात तुमची चटई राहणार नाही."

ही नुसती धमकी नव्हती. भाऊ बायकोच्या ओंजळीनं पाणी पितो, हे देलू ओळखून होती. दुसरं छप्पर तिला नव्हतं.

तिनं डबा उघडला. साबोचे गाल दाबून दोन थेंब जिभेवर सोडले. पोरानं तोंड वाकडं करून गिळले. मग तिनं डाव्या करंगळीला शाई लावली.

लादिदी अडवायला आली नाही. ती आत गेली आणि देलूची चटई गुंडाळून अंगणात आणून टाकली.

"पुढच्या फेरीला याल तेव्हा दारातूनच सलाम करा," ती म्हणाली. "परकी माणसं बाहेर थांबतात."