साक्षीदारांचे वेगळे

"चार लाख दिनार? हाजी, मोटारसायकल आहे ही, बकरी नाही!"

"बकरी असती तर पाच दिले असते, अबू मरवा. बकरी दूध तरी देते. हिचं नुसतं तेल गळतंय."

अबू मरवा म्हणजे मरवाचा बाप; मरवा ही जरजीसची थोरली मुलगी. गिऱ्हाइकाला त्याच्या लेकराच्या नावानं हाक मारली की भाव पाडलेला फारसा झोंबत नाही, हे हाजी फतहीला धंद्यानं शिकवलं होतं. मोसुलच्या त्या रस्त्यावर जुनी गाडी देऊन नवी घ्यायची तर सगळे त्याच्याचकडे येत.

जरजीस घरोघरी जाऊन कूलर दुरुस्त करायचा. उन्हाळा तोंडावर आला होता आणि पोलिसांनी दुसऱ्याच्या नावावरच्या मोटारसायकली जप्त करायला सुरुवात केली होती. गाडी गेली की धंदा गेला. तो चिकाटीनं भांडला, एकदा उठून दारापर्यंत गेला, परत आला, आणि जुनीचा भाव पाच लाखांवर ठरला.

मग हाजीनं वहाणा काढून पाय वर घेतले आणि बेरीज सुरू केली. नंबरपाटीचे इतके. कागद फिरवायचे इतके. दुकानाच्या सेवेचे इतके.

"सेवा कसली? हा चहा पाजलात ती?"

"छे छे, चहा फुकट." हाजीनं गाडीचं कार्ड उजेडात धरलं. "हा सलवान कोण?"

"धाकटा भाऊ माझा."

"मग त्याला घेऊन या. सही लागेल."

"तो नाही."

"बाहेरगावी आहे?"

"आठ वर्षं झाली. घरातून गेला तो गेला."

हाजीनं चमचा बशीत ठेवला. त्या शहरात याच्या पुढं कुणी काही विचारत नसे. तो हळूच म्हणाला, "मग तो वारल्याचा कागद लागेल कोर्टाचा. प्रेत पाहिलेले दोन साक्षीदार हवेत. माझी माणसं आहेत, काळजी करू नका. फक्त... साक्षीदारांचे वेगळे."

सलवान गेला तेव्हा शहर काळ्या झेंडेवाल्यांच्या हातात होतं. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून गाडी अंगणात ठेवून तो पायीच निघाला. ना तो आला, ना गोळ्या. पुढं जरजीस ती गाडी चालवू लागला. पाठमोरा तो हुबेहूब भावासारखा दिसायचा. कधी बाजारात मागून कुणीतरी आनंदानं ओरडायचं, "अरे सलवान!" जरजीस मागं वळायचा. हाक मारणाऱ्याचं तोंड उतरायचं. आणि क्षणभर जरजीसला वाटायचं, आपण जिवंत आहोत हाच आपला गुन्हा आहे.

साक्षीदाराचं नाव जन्नून. पूर्वी शाळेची बस चालवायचा, आता कोर्टाजवळच्या चहाच्या टपरीवर बसायचा. त्याचा जोडीदार नुसती मान हलवत असे. बोलायचं काम जन्नूनचं.

"उंची?"

"माझ्याएवढाच."

"अंगात काय होतं?"

"माझंच तपकिरी जाकीट."

जन्नूननं डोळे मिटले आणि घोकल्यासारखं म्हणायला लागला, "जुन्या पुलाखाली, नदीच्या अंगाला. तपकिरी जाकीट. कुशीवर पडला होता. एक हात गालाखाली, झोपल्यागत..."

जरजीसनं पेला खाली ठेवला. सलवान लहानपणापासून तसाच झोपायचा.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला? हाताचं?"

"कुणी नाही बाबा." म्हातारा ओशाळला. "मी सगळ्यांना तसंच झोपवतो. ऐकणाऱ्याला जरा बरं वाटतं."

वारस म्हणून आईचा अंगठा लागणार होता. जरजीसनं तिच्यापासून काही लपवलं नाही.

"म्हणजे खोटंच बोलणार ना ते?" तिनं विचारलं.

"खोटंच, यम्मा. गाडीच्या कागदापुरतं."

"मग बोलू दे."

कोर्टात जन्नून बोलत असताना ती ताठ बसून होती. 'गालाखाली' हा शब्द आला तेव्हा तिनं डोक्यावरची चादर पुढं ओढली. नंतर अंगठा दिला, बोटाची शाई पुसली आणि घरी येऊन भाताला आधण ठेवलं.

नवी गाडी घ्यायला जरजीस गेला तेव्हा हाजीनं आणखी एक आकडा काढला: टाकीतल्या पेट्रोलचे. जरजीसनं मुकाट्यानं नोटा समोर ठेवल्या.

"अहो, निदान भांडा तरी!" हाजी कसनुसा हसला. जरजीसनं किल्ली उचलली. जुनी गाडी भिंतीला टेकवून ठेवली होती, तिच्याकडं त्यानं पाहिलंच नाही.

तो घरी आला तेव्हा आई दारात उभी होती. पायांत बाहेरच्या चपला होत्या.

"मला पुलाखाली ने."

"यम्मा, तो माणूस पैसे घेऊन बोलतो. तिथं काही नाही."

"ठाऊक आहे मला. मी काय खुळी आहे?" ती गाडीवर मागं बसू लागली. "पण इतक्या वर्षांत कुणी एक जागा तरी सांगितली का, जरजीस? त्या साक्षीदाराला बोलाव. कुठं ते दाखवू दे."

वाटेत टपरीवर थांबून जन्नूनला बोलावलं. तो येईना, "ताई, मी पाया पडतो," म्हणत राहिला. मग रिक्षा करून मागोमाग आला.

पुलाखाली गोटे होते, वाळलेली लव्हाळी होती, वरून फेकलेला कचरा होता. ऊन कलत चाललं होतं. आईनं जन्नूनकडं पाहिलं. म्हाताऱ्यानं एकदा जरजीसकडं, एकदा पाण्याकडं पाहिलं आणि जवळच बोट दाखवलं.

"इथं."

"इथं? पाण्याच्या इतक्या जवळ?"

जन्नूननं बोट खाली घेतलं. मग चार पावलं वर चढाला गेला. तिथं पुराचं पाणी पोचलं नसतं, आणि जमीनही जरा सपाट होती.

"चुकलं माझं. इथं, ताई. इथं होता."

आई तिथं जाऊन बसली. रडली नाही. बराच वेळ तिनं तळवा जमिनीवर तसाच ठेवला. मग ती एकेक करून तिथली बाटल्यांची बुचं, प्लास्टिकच्या पिशव्या, सिगारेटची थोटकं वेचू लागली आणि ओच्यात घेऊ लागली. जरजीस तिच्या शेजारी बसून काचा उचलायला लागला.

जन्नून थोडा वेळ लांब उभा राहिला. मग त्यानं बूट काढून बाजूला ठेवले, अनवाणी पुढं आला आणि गुडघे टेकून दुसऱ्या बाजूनं वेचायला लागला.