फुटक्या काचेचा दिवा

मित्रांनो, गोदामातला हा गंजका डबा पाहून नाक मुरडू नका. मी मूकपटांच्या काळातला, स्टुडिओतला जुना दिवा आहे. माझ्या पोटात कोळशाच्या दोन कांड्या असत. वीज सोडली की त्यांच्यामध्ये लखलखीत ज्योत पेटे आणि मी सारखा फुसफुसत राही. चित्रपटच मुके, त्यामुळे माझ्या फुसफुशीचं कुणाला काही वाटत नसे.

माझ्या तोंडावर जाड काच होती. एके दिवशी ती फुटली.

"साहेब, नवी काच येईपर्यंत हा बंद ठेवू," दिवेवाला म्हणाला. "उघड्या उजेडानं डोळे जातात."

"अरे, उलट चेहरा कसा उजळलाय बघ!" दिग्दर्शक म्हणाले. "राहू दे तसाच."

तो चेहरा आमच्या नायिकेचा होता. तिला सगळे 'डोळेवाली' म्हणत. फलकावर तिचे नुसते डोळे रंगवले तरी तिकिटं हातोहात खपत. माझ्याकडे पाहून ती घळाघळा रडे आणि साहेब खूश होऊन टाळ्या वाजवत. जेवणाच्या सुट्टीत तिची धाकटी बहीण तिच्या सुजलेल्या पापण्यांवर कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवी.

"ताई, सोड ना हे काम."

"आणि खायचं काय? आपल्या दोघींचं पोट या डोळ्यांवरच आहे. कुणाला बोलू नकोस हं."

तीन वर्षांत तिला जवळजवळ दिसेनासं झालं. तरी कुणाला पत्ता लागला नाही, कारण माझ्या फुसफुशीवरून ती आपली जागा अचूक गाठे. तिला भाजणारा मीच आणि वाट दाखवणाराही मीच! विझून जावं असं मला रोज वाटे. पण मी विझलो तर ती चालेल कशी, या विचारानं जीव कासावीस होई.

मग बोलपट आले. माझा आवाज नको म्हणून माझ्या कांड्या काढून मला कोपऱ्यात ढकललं आणि मुकाट जळणारे दिवे आणले. त्या सकाळी ती आली, थबकली, कान देऊन ऐकू लागली. सगळीकडे सामसूम. हात पुढे करून ती चालू लागली आणि टेबलाला अडखळून पडली.

"अरे, हिला दिसत नाही!" कुणीतरी ओरडलं.

बहीण धावली. पण डोळेवाली जमिनीवर बसूनच विचारत होती, "माझा दिवा कुठाय? लावा ना रे कुणीतरी!"

मी दहा पावलांवर होतो. दुसऱ्या दिवशी तिच्या जागेवर नवी मुलगी उभी राहिली.

मित्रांनो, मला घासूनपुसून मिरवू नका. फक्त ज्या दिव्यासमोर माणूस उभा राहतो, त्याची फुटकी काच आधी बदला. माझी नवी काच आठवड्याभरातच आली होती. ती खोक्यातून कुणी काढलीच नाही. अजून माझ्या शेजारीच पडून आहे.